आजवर आणि आजपासून

वाट पाहण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एका तऱ्हेचा माणूस दर दोन मिनिटांनी दाराशी जातो, रस्ता न्याहाळतो, परत येऊन बसतो आणि पुन्हा उठतो. दुसऱ्या तऱ्हेचा माणूस आपले काम करीत राहतो. ज्याची वाट पाहायची त्याची चाहूल लागली म्हणजे तो उठतो. पहिल्याची माया अधिक, असे पाहणाऱ्याला वाटते. पण पाहुणा दारात येतो तेव्हा पहिला येरझाऱ्यांनी थकलेला असतो, आणि चहाचे आधण मात्र दुसऱ्याच्या घरी उकळत असते.

हा भेद मला नव्याने आठवला तो एका खेळामुळे. गेली दोन वर्षे मी संगणकावरचा एक खेळ रचीत आहे. तो विकत घ्यावा लागत नाही, यंत्रात उतरवून घ्यावा लागत नाही; ब्राउझरमध्ये पत्ता लिहिला की समोर उभा राहतो. खेळणाऱ्याच्या वाट्याला प्रथम एक माळ येतो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, त्यापूर्वी आमच्या भिलाईच्या आसपास जसा मुलूख होता तसाच तो मी रेखाटला आहे: काही खेडी, धानाची खाचरे, तळी, मुरमाड जमीन, आणि नागपूरहून हावड्याकडे जाणारे रेल्वेचे रूळ. या माळावर पोलादाचे गाव उभे करायचे. दल्ली-राजहऱ्याहून लोहखनिज आणायचे, नंदिनीहून चुनखडी आणायची, तांदुळा धरणाचे पाणी वळवून घ्यायचे, मजुरांसाठी घरे बांधायची, आणि एके दिवशी भट्टी पेटवायची. प्रत्यक्षात पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले; करारापासून मोजून चार वर्षे आणि दोन दिवस. माझ्या खेळात एखादी हुशार मुलगी तेच काम चार संध्याकाळींत उरकते.

खेळ पुढे सरकतो तो कामगिऱ्यांच्या बळावर. ‘दहा वाघिणी खनिज उतरव’, ‘तळे आटण्यापूर्वी कालव्याचे पाणी पोचव’, ‘एका पाळीत पाच घरे पुरी कर’, अशा या कामगिऱ्या. प्रत्येकीच्या पोटात चार-पाच गोष्टी असतात: काय घडले पाहिजे, किती वेळा घडले पाहिजे, कोणत्या अटीवर, घडल्यास काय मिळेल, आणि त्यानंतर कोणत्या कामगिरीचे दार उघडेल. आज त्यांची संख्या तीनशेच्या घरात आहे.

या तीनशे कामगिऱ्यांची वाट कोणी आणि कशी पाहायची, हा रचनेतला पहिला प्रश्न. सरळ बुद्धीला सुचणारा मार्ग असा की, प्रत्येक कामगिरीने सतत विचारीत राहावे: दहा वाघिणी आल्या का? आता आल्या का? पडद्यावरचे चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगविले जाते. प्रत्येक रंगवणीबरोबर प्रत्येक कामगिरीने एकदा विचारले, तरी सेकंदाला अठरा हजार प्रश्न होतात. त्यांतल्या बहुतेकांचे उत्तर ‘नाही’ एवढेच असते. यंत्राला कंटाळा येत नाही हे खरे. पण ते तापते, बॅटरी उतरते, आणि ज्या मुलाच्या हाती थोरल्या भावाचा जुना फोन आला आहे त्याचा खेळ अडखळू लागतो.

दुसरा मार्ग मी लहानपणी आमच्या क्वार्टरमध्ये रोज रात्री पाहिला होता. बाबांची दुसरी पाळी असली म्हणजे ती रात्री दहाला सुटे. पाळी सुटली की कारखान्याच्या दारातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे आणि सेक्टरासेक्टरांत वाटला जाई. आमच्या वळणावर आले की बाबा घंटी वाजवीत. ती घंटी कानी पडताच आई तवा चढवी, आजोबा रेडिओ बंद करीत, मी पांघरुणात शिरून झोपेचे सोंग घेई, आणि शेजारचा कुत्रा भुंकू लागे. घंटी एक, पण तिने चार कामे सुरू होत. यातली खरी मौज अशी की, आपल्या घंटीवर कोण कोण टपून बसले आहे हे बाबांना ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. उद्या घरात पाचवे माणूस आले आणि घंटीवर तेही काही करू लागले, तरी बाबांना घंटी निराळी वाजवावी लागणार नव्हती.

घटनांवर चालणारी रचना म्हणतात ती हीच. माझ्या खेळात वाघीण उतरविणाऱ्या भागाला कामगिऱ्यांचा पत्ता नाही. वाघीण उतरली की तो एवढेच पुकारतो की वाघीण उतरली. त्यात माल कोणता होता, किती होता, कुठे उतरला आणि केव्हा उतरला. ज्या कामगिऱ्यांनी या हाकेला कान दिला आहे त्या आपापल्या आकड्यात एकाची भर घालतात. बाकीच्या स्वस्थ असतात. नवी कामगिरी लिहायची तर जुन्या भागाला हात लावावा लागत नाही, आणखी एक कान तेवढा जोडला की झाले. ब्राउझरची जी भाषा आहे, जावास्क्रिप्ट, तिचा पिंडच असा आहे. १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला अवतार अवघ्या दहा दिवसांत सिद्ध केला. एका वेळी एकच काम करायचे, पुढच्या हाका रांगेत उभ्या करायच्या, आणि हातातले काम संपल्यावर रांगेतली पहिली हाक घ्यायची, हा तिचा शिरस्ता. पोस्टाच्या खिडकीमागच्या कारकुनासारखी ती आहे. फरक एवढाच की मध्येच उठून चहाला जात नाही.

येथवर सारे सुरळीत आहे, आणि या विषयावरची बहुतेक पाठ्यपुस्तके येथेच थांबतात. खरा पेच याच्या पुढे आहे. कान दिल्यानंतरची हाक ऐकू येते. कान देण्यापूर्वीची येत नाही. समजा, एखाद्या मुलीने आपल्या हौसेने, कोणी न सांगता, आधीच बारा वाघिणी खनिज आणून ठेवले आहे. मग खेळ तिला सांगतो, ‘दहा वाघिणी खनिज उतरव.’ ती म्हणते, मी तर बारा उतरविल्या. खेळाच्या लेखी मात्र शून्य. तिने काम केले तेव्हा त्या कामाकडे कोणाचा कान नव्हता. हाक उठली आणि हवेत विरून गेली. एरवी इतकी चतुर असलेली ही रचना गतकाळाच्या बाबतीत ठार बहिरी आहे. पहिली ओळ लिहिण्यापूर्वी आठवडाभर मी याच गोष्टीचा विचार करीत होते. कारण एकदा तीनशे कामगिऱ्या रचून झाल्या म्हणजे पाया उकरता येत नाही.

आपल्या जुन्या खेळांना हा पेच नव्हता. मोक्षपटाची सोंगटी पाहा. ती ज्या घरात आहे त्या घरात आहे. तेथे शिडीने आली की सापाच्या तोंडून आली, याची पटाला फिकीर नाही. पटाला स्मृतीच नसते, म्हणून त्याच्या हातून अन्यायही होत नाही. कामगिरी आली की मोजणी आली, आणि मोजणी आली की ‘कधीपासून?’ हा प्रश्न आला.

या प्रश्नाला आपल्या परंपरेने दोन उत्तरे दिलेली आहेत असे मला वाटते. एक श्रावणातल्या कहाण्यांचे. तेथे आधी वसा विचारावा लागतो, तो कोणी तरी सांगावा लागतो, मग तो घ्यायचा आणि नेमाने पाळायचा. फळाची मोजणी वसा घेतला त्या दिवसापासून. दुसरे उत्तर महाशिवरात्रीच्या व्याधाचे. तो बिचारा शिकारीसाठी पाणवठ्यावरच्या बेलाच्या झाडावर चढून बसला. दिवसभर अन्न मिळाले नव्हते, तो उपवास झाला. सावजासाठी रात्रभर डोळा लागला नाही, ते जागरण झाले. चाळा म्हणून पाने तोडून खाली टाकली, ती खालच्या पिंडीवर पडली, ती पूजा झाली. व्रताच्या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या आणि व्रत मात्र त्याने घेतलेच नव्हते. तरी त्याला फळ मिळाले. याचा अर्थ एवढाच होऊ शकतो की कोठे तरी, कोणी तरी, व्रताची वाट न पाहता सारे लिहून घेत होते. चित्रगुप्ताची वही ती हीच. चित्रगुप्त कोणाला विचारीत नाही की तू हे कोणत्या कामगिरीखाली केलेस. तो आधी लिहितो, हिशेब मागाहून होतो.

हे सारे मी एका संध्याकाळी बाबांना सांगत होते. त्यांनी कारखान्यात नियंत्रणकक्षात अनेक वर्षे काढली. प्रोग्रामची भाषा त्यांना येत नाही, पण घटना म्हणजे काय हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. चित्रगुप्ताच्या नावाने ते हसले.

“अगं, एवढं लांब कशाला जातेस? आमच्या पॅनेलला हे ठाऊक होतं,” ते म्हणाले.

मग त्यांनी पॅनेलचे वर्णन केले. भिंतीवर लहान लहान काचेच्या खिडक्यांची एक पाटी. प्रत्येक खिडकीवर एका बिघाडाचे नाव. कोठे दाब वाढला, कोठे पाणी कमी झाले, की भोंगा वाजतो आणि त्या नावाची खिडकी लुकलुकू लागते. माणसाने बटण दाबून ‘पाहिले’ असे कळविले की भोंगा थांबतो आणि दिवा स्थिर होतो. “पण समज, दाब एक सेकंदच वाढला आणि आपोआप खाली आला. बिघाड गेला. म्हणून दिवा विझतो का? नाही विझत. कुणी तरी येऊन पाहीपर्यंत तो लुकलुकतच राहतो. काही तरी होऊन गेलं, एवढं तरी माणसाला कळलं पाहिजे ना!”

आणि पाळी बदलताना लॉगबुक. मावळत्या पाळीच्या माणसाने आठ तासांत जे घडले ते लिहून ठेवायचे, उगवत्या पाळीच्या माणसाने ते वाचल्याशिवाय खुर्चीत बसायचे नाही. येणारा माणूस घटनेच्या वेळी कक्षात नव्हता, घरी जेवत होता. पण म्हणून ती घटना त्याच्या लेखी घडलीच नाही, असे होत नाही. बाबांच्या मते अनुभवी माणसाची ओळख तो काय लिहितो यावरून पटते. नवशिका फक्त बिघाड लिहितो. जुना माणूस बिघाड झाला नाही तेही लिहितो.

मी लॉगबुक घेतले. खेळात जे जे घडते ते आता प्रथम एका वहीत क्रमाने लिहिले जाते, आणि मग पुकारले जाते. खोडायचे नाही, बदलायचे नाही, फक्त खाली नवी ओळ जोडायची. कामगिरी सुरू झाली की ती आधी वही मागे चाळते, आणि मग पुढच्या हाकांना कान देते. पण एवढ्याने भागले नाही. कारण प्रत्येक कामगिरीने मागचे मोजावे, हेही न्यायाचे नव्हे. ‘एका पाळीत पाच घरे पुरी कर’ यातला कस त्या पाळीतल्या धावपळीत आहे. मागच्या महिन्यातली घरे तिथे चालणार नाहीत. उलट ‘भट्टी पेटव’ ही कामगिरी पाहा. जिने आधीच भट्टी पेटविली आहे तिला ती पुन्हा पेटविता येणार नाही. एकदा पेटविलेली झोतभट्टी वर्षानुवर्षे विझवीत नाहीत, हे भिलाईतल्या पोरालाही ठाऊक आहे. तिची ती कामगिरी जन्मभर अपुरी राहील. तेव्हा प्रत्येक कामगिरीच्या कपाळी मी एक शब्द लिहिणे सक्तीचे केले: ‘आजवर’ किंवा ‘आजपासून’. तो शब्द नसेल तर प्रोग्राम कामगिरी स्वीकारीतच नाही. संगणकाच्या आज्ञावलीत मराठी शब्द का, असे माझ्या रायपूरच्या सहकाऱ्याने विचारले. इंग्रजीत त्यासाठी प्रत्येकी तीन-चार शब्दांची लांबण लावावी लागते, एवढे कारण त्याला पुरले.

वहीने आणखीही काही गोष्टी सोप्या केल्या. खेळ मुलाच्या ब्राउझरमध्ये चालतो, म्हणजे प्रोग्रामची एक प्रत त्याच्याच हाती असते, आणि ‘शंभर वाघिणी आल्या’ अशी खोटी हाक मारणे हुशार मुलाला मुळीच अवघड नाही. म्हणून हाक त्याच्याकडून येते, पण वहीत ओळ पडते ती आमच्या सर्व्हरने पडताळल्यावरच. शिवाय जाळे मध्येच तुटते. ब्राउझरला उत्तर मिळत नाही, आणि तो तीच हाक पुन्हा पाठवितो. यासाठी प्रत्येक हाकेला आपला क्रमांक असतो, आणि वहीत असलेला क्रमांक दुसऱ्यांदा लिहिला जात नाही. एका श्रमाचे दोनदा मोल घेणे यंत्राच्या अजाणतेपणानेही होऊ नये.

बक्षिसाची गंमत निराळी. कामगिरी पुरी झाली म्हणून खेळाने दोन वाघिणी खनिज बक्षीस दिले, तर तेही ‘वाघीण उतरली’ असेच पुकारले जाणार. त्या हाकेने दुसरी कामगिरी पुरी होणार, तिचे बक्षीस तिसरी पुरी करणार, आणि पोर हाताची घडी घालून बसले तरी पोलाद वाहू लागणार. म्हणून वहीत एक रकाना आहे: श्रमाचे की दानाचे. दानाचा माल भट्टीत चालतो. कामगिरीच्या मोजणीत धरला जात नाही. माझ्या भाच्याला हा नियम जाचक वाटतो. आईला तो एकदम पसंत पडला.

इतका सारा खटाटोप एका खेळासाठी कशाला, असे कोणी विचारील. आजोबांविषयी सांगितल्यावाचून याचे उत्तर देता येणार नाही.

आजोबा १९५७ साली भंडारा जिल्ह्यातून इकडे आले. वर्षभर आधी आले असते तर त्यांना राज्यही ओलांडावे लागले नसते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत भंडारा आणि दुर्ग हे दोन्ही जिल्हे मध्य प्रदेशातच होते आणि राजधानी नागपूर होती. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड झाले आणि त्यांचे घर जागच्या जागी तिसऱ्याच नावाच्या मुलखात गेले. आले तेव्हा ते एका ठेकेदाराकडे मातीकामावर लागले. पाया खणणे, मुरूम वाहणे, पावसाळ्यात खचलेले पुन्हा उपसणे. अशी तीन वर्षे गेली. १९६० साली त्यांना कायमची नोकरी लागली आणि सेवापुस्तक उघडले. त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर १९६० आहे, शेवटच्या पानावर १९८९. मधली एकोणतीस वर्षे व्यवस्थित नोंदलेली आहेत: रजा, बढत्या, अगदी हरवलेल्या बिल्ल्याचा दंडसुद्धा. पहिली तीन वर्षे कोठेही नाहीत. त्या ठेकेदाराने हजेरीपटच ठेवला नव्हता. तो मजुरी रोजच्या रोज हातावर ठेवी आणि संध्याकाळ झाली की तो दिवस संपलेला असे.

आजोबांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही. ते तक्रार करणारे गृहस्थ नव्हते. मात्र किती वर्षे नोकरी झाली असे कोणी विचारले, तर ते बत्तीस असे कधी म्हणत नसत, आणि एकोणतीस असेही म्हणत नसत. ते म्हणत, “एकोणतीस आणि तीन.” मला पुष्कळ दिवस वाटे की ही आकडे सांगण्याची त्यांच्याकडची पद्धतच असावी.

खेळाच्या पहिल्या कामगिरीत माळ साफ करायचा आहे. खेळणारा नवखा असतो. त्याने नाव नोंदविलेले नसते, खाते उघडलेले नसते. पुष्कळ खेळांत नाव नोंदविल्यावाचून आत पाऊल टाकता येत नाही. आमच्याकडे कोणीही येऊन सरळ कुदळ उचलू शकतो. त्याच्या ब्राउझरला एक निनावी क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकाखाली वहीत ओळी पडू लागतात. पुढे केव्हा तरी त्याने नाव दिले, की त्या क्रमांकाच्या साऱ्या ओळी त्याच्या नावे जोडल्या जातात; माळावर उपटलेल्या पहिल्या झुडपापासून.

अडचण उरते ती परत न येणाऱ्यांची. बहुतेक मुले एकदा येतात, थोडा माळ खणतात आणि निघून जातात. त्यांच्या निनावी ओळी किती दिवस सांभाळायच्या? सहकाऱ्याचे म्हणणे तीस दिवस. एवढ्या अवधीत जो आला नाही तो येणार नाही, आणि सर्व्हरवरची जागा फुकट मिळत नाही. त्याचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे. मी कागदावर हिशेब मांडला. एक ओळ सरासरी दोनशे बाइटांची. पाच लाख ओळी झाल्या तरी शंभर मेगाबाइट. लग्नाच्या वरातीची चित्रफीत याहून अधिक जागा खाते. सहकाऱ्याने हिशेब तपासला, मान हलविली आणि दिवसांच्या आकड्याची जागा मोकळी ठेवून तो रायपूरला गेला.

बाबा कागद पाहत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

“तीन वर्षं ठेव,” ते म्हणाले.

मी त्या जागी १०९५ हा आकडा घातला आहे.